मुका पाला

फरहान नेमकं काय काम करतो, हे भोरात कुणाला धड कळलं असेल तर शपथ. वडील मौलाली शेळ्यांचे व्यापारी. बाजारात त्यांच्या नुसत्या शब्दावर जनावर दावणीतून सुटायचं, पण पोराच्या नोकरीचा विषय निघाला की याच मौलालींची जीभ अडखळायची. पोरगा रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाला, पुण्याला रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत लागला, तोवर सगळं सरळ होतं. मग त्याला काय अवदसा आठवली कोण जाणे, संध्याकाळच्या कॉलेजात जाऊन कायदा शिकला, शतक सरता सरता कसलीशी सरकारी परीक्षा दिली आणि पेटंट एजंट झाला. एजंट म्हटल्यावर गल्लीतले लोक विमा उतरवायला आले. एक जण ट्रकचं लायसन काढून दे म्हणून फोटो घेऊन आला. शेवटी मौलालींनीच तोडगा काढला. नवीन शोध लागला की त्याचा सातबारा करून देतो आमचा पोरगा, असं ते सांगू लागले, आणि गंमत म्हणजे याच्याइतकं सोपं करून ते कुणा वकिलालाही सांगता आलं नसतं.

पुण्यात वकिलांच्या ज्या फर्ममध्ये तो होता तिथं त्याचं काम म्हणजे शास्त्रज्ञांचं ऐकायचं आणि ते कायद्याच्या भाषेत उतरवायचं. नुसत्या वकिलाला रेणू कळत नाही आणि नुसत्या शास्त्रज्ञाला दावा मांडता येत नाही. फरहानला दोन्ही येत होतं, म्हणून साहेब त्याला जपून होते. कुणी शोध घेऊन आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, हे आधी कुणाला सांगितलंत का? कायदाच तसा आहे. शोध जगाला कळायच्या आत अर्ज झाला पाहिजे. एकदा तो चारचौघांत गेला की सगळ्यांचा झाला, मग त्यावर कुणालाच आपलं नाव लावता येत नाही. कित्येक हुशार माणसं हौसेनं कुठल्याशा परिषदेत भाषण ठोकून आलेली असत आणि हा प्रश्न ऐकला की त्यांचे चेहरे उतरत. फरहानला त्यांची कीव यायची, पण नवल वाटायचं नाही. बोललं की गेलं, हे शास्त्र त्यानं लहानपणापासून पाहिलं होतं, वेल्ह्याच्या डोंगरात, बाजीकाकांच्या घरी.

बाजी पासली गावाच्या वरच्या अंगाला धनगरांच्या वस्तीवर राहायचे. चार म्हशी, शेळ्यांचा कळप, आणि बायको आक्काबाई. मूलबाळ नव्हतं. मौलाली त्यांच्याकडून शेळ्या घ्यायचे, आणि त्या व्यवहारातून दोघांचं असं काही जमलं होतं की ईदेला बाजी-आक्काबाई भोरला यायची आणि दिवाळीला मौलालींचं बिऱ्हाड वस्तीवर. या बाजींना एक औषध ठाऊक होतं. जनावराच्या जखमेत किडे पडले की ते पाला वाटून बांधायचे. किडे गळून पडायचे, जखम सुकायला लागायची. आंबवड्यापासून सारोळ्यापर्यंतची माणसं बोलवायला यायची. बाजी पैसे घ्यायचे नाहीत, नारळसुद्धा घ्यायचे नाहीत, आणि पाला कोणता ते सांगायचे नाहीत. पहाटे तोंड न धुता जायचं, मुक्यानं तोडायचा, वाटेत कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही, आडोशाला बसून वाटायचा. मरायच्या आधी एकाच माणसाच्या कानात सांगायचं. मधेच कुणापाशी नाव घेतलं की गुण गेला. बाजींना त्यांच्या आज्यानं असंच दिलं होतं.

फरहान एम.एस्सी.ला असताना त्याच्या डोक्यात खूळ शिरलं. वडिलांच्या एका बोकडाच्या मानेवरचा वाळलेला लगदा त्यानं खरवडला, कॉलेजात नेला, सूक्ष्मदर्शकाखाली घातला, वनस्पतिशास्त्राच्या बाईंची पुस्तकं धुंडाळली आणि पाला ओळखला. आनंदात वस्तीवर गेला आणि बाजींना नाव सांगायला तोंड उघडलं, तोच बाजींनी आपला हात त्याच्या तोंडावर दाबला. तंबाखूचा आणि म्हशीचा वास येणारा तो हात बराच वेळ तसाच होता.

"कळलं ना तुला? मग आता गिळ," ते म्हणाले.

फरहाननं गिळलं. तेव्हा त्यानं कुठल्या मासिकात चार ओळी छापून आणल्या असत्या तर पुढचं रामायण घडलंच नसतं, कारण छापलेल्या गोष्टीवर कुणाला पेटंट मिळत नाही. पण वडीलधाऱ्याचा शब्द मोडून छापावं असं त्याच्या मनातही आलं नाही. पाल्याचं नाव इथंही लिहायला नको. लिहून कुणाचं भलं झालंय?

दोन हजार पाच साली कायदा बदलला, औषधांवरही पेटंट मिळायला लागलं आणि फर्ममध्ये जेवायला फुरसत राहिली नाही. पेटंटच्या सरकारी कचेरीत दाखल झालेले अर्ज दर आठवड्याला तिच्या जर्नलमध्ये छापून येत. ते चाळायचं काम फरहानकडे होतं. पुढच्या वर्षी पाऊस ओसरल्यावर असंच चाळताना एक अर्ज त्याच्यासमोर आला. जनावरांच्या किडे पडलेल्या जखमेवर लावायचं मलम, त्यात मुख्य औषध म्हणजे एका पाल्याचा अर्क. पाल्याचं शास्त्रीय नाव त्यानं दोनदा वाचलं. पाला बाजींचाच होता. अर्ज जनावरांची औषधं बनवणाऱ्या एका कंपनीचा होता. तिचा सारोळ्याच्या जवळ हायवेला मोठा गोठा होता. गोठ्यावरच्या गड्यांनी बोलवलं म्हणून बाजी तिथं जाऊन पाला बांधून आले होते, हे फरहानला ठाऊक होतं. बांधणारा माणूस निघून जातो, लगदा मागे राहतो. जे फरहाननं बोकडावरून केलं होतं तेच त्यांच्या डॉक्टरनं गाईवरून केलं होतं. फरक एवढाच, की त्याच्या तोंडावर हात ठेवायला कुणी नव्हतं.

हरकत घेता येत होती. पेटंट मंजूर व्हायच्या आत कुणीही हरकत दाखल करू शकतो, आणि नव्या कायद्यात तर त्यासाठी एक कलमच होतं. एखाद्या भागातल्या लोकांमध्ये ती माहिती अर्जाच्या आधीपासून असली, नुसती तोंडी असली, तरी पेटंट मिळत नाही. फरहान तो अर्ज घेऊन साहेबांकडे गेला. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शांतपणेच सांगितलं की ती कंपनी आपल्याला काम देणार आहे, तेव्हा तिच्याविरुद्ध आपण उभं राहायचं नाही. साहेबांचंही चुकलं नव्हतं. धंदा हा धंद्यासारखाच करायचा असतो. फरहाननं महिनाअखेरीला राजीनामा दिला. त्याची बायको तरन्नुम शाळेत शिकवायची. माझ्या पगारावर ओढू काही दिवस, असं तीच म्हणाली, पण म्हणताना तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

वस्तीवर जाऊन बाजींना हे समजावणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं होतं. पाल्यावर कुठं कुणाचं नाव लागतं होय, म्हणून ते आधी हसले. नाव तर त्यांनी छापूनच टाकलंय काका, आता लपवायला काय उरलं, असं फरहान म्हणाला. त्यावर बाजींचं उत्तर तयार होतं. छापलं असेल त्यांनी, माझ्या तोंडून तर गेलेलं नाही ना? मग माझा गुण शाबूत आहे. याला काय बोलणार? शेवटी वडिलांचा सातबारा फरहानच्या मदतीला आला. तुमच्या वस्तूची नोंद दुसऱ्याच्या नावावर चढतेय, आणि वर त्यात लिहिलंय की हे आम्ही शोधून काढलं, असं त्यानं सांगितलं. आता मात्र बाजी हसले नाहीत.

"आज्यानं दिल्यालं हाय ते," ते म्हणाले. "त्यांनी शोधलं कसं म्हणत्यात?"

त्या दिवसापासून म्हाताऱ्याच्या जिवाला घोर लागला. कंपनी काही डोंगरात येऊन त्यांचा हात धरणार नव्हती. फरहाननं तेही सांगितलं, पण बाजींना त्याची फिकीरच नव्हती. आपल्या आज्याची वस्तू दुसऱ्याच्या नावावर लागू नये, एवढंच त्यांना पाहिजे होतं. मी लागू देत नाही, असा शब्द फरहाननं दिला. शब्द देताना तो वकिलासारखा बोललाच नाही, मौलालींच्या पोरासारखा बोलला. या धंद्यात असा शब्द द्यायचा नसतो.

हिवाळाभर तो एसटीनं, जीपनं आणि पायी ती सगळी गावं पालथी घालत राहिला. ज्यांच्या जनावरांना बाजींनी पाला बांधला होता त्यांची प्रतिज्ञापत्रं करायची होती. लोक चहा पाजायचे, जनावराची सगळी कुळकथा सांगायचे आणि अंगठा द्यायचे. गेनू नावाचा एक पुढारी होता, त्यानं सल्ला दिला की पाला सगळ्यांना ठाऊक होता असंच ठोकून द्या, डोंगरात कोण बघायला येतंय, हवे तेवढे अंगठे मी उठवून देतो. फरहान एरवी थंड डोक्याचा माणूस, पण तेव्हा भडकला. खोटं एक अक्षर जरी त्यात गेलं तर सगळे कागद फाडून टाकीन म्हणाला. पासलीच्या ठकुबाईनं आपल्याला पाला पक्का ठाऊक असल्याची शपथ घेतली, आणि दाखवा म्हटल्यावर बांधावरची निरगुडी दाखवली. तिचं प्रतिज्ञापत्र त्यानं केलं नाही. ठकुबाई रुसली ती रुसलीच.

खुद्द बाजींना विचारलं तर ते छातीवर हात ठेवून सांगायचे की म्या कुणालाच सांगितल्यालं न्हाई. हीच खरी अडचण होती. कलम म्हणत होतं की लोकांमध्ये माहिती पाहिजे, आणि इथं तर ती एकट्याच्या पोटात. फरहाननं मग मुद्दा वेगळा बांधला. पाला गुपित होता, पण औषध गुपित नव्हतं. ते उघड्या अंगणात, चार माणसांदेखत जनावराच्या अंगावर बसलेलं होतं, ज्याला ओळखायचं त्यानं ओळखावं. मुद्दा चांगला होता. हरकतीचा निवाडा करणाऱ्या कचेरीतल्या अधिकाऱ्याला पटला असता तर डाव हातात होता. हरकत दाखल करून तो वस्तीवर गेला, आक्काबाईनं केलेली भाकरी खाल्ली आणि निघता निघता बोलून गेला.

"काका, एवढीच बाजू लंगडी पडतेय. लोकांना पाला ठाऊक असता, तर एका दमात जिंकलो असतो."

बाजींनी मान हलवली. लोकांना तो अर्जाच्या तारखेआधी ठाऊक असायला हवा होता, हे फरहान बोलला नाही. त्याच्या डोक्यात ते इतकं पक्कं होतं की सांगायला लागतं हेच त्याला सुचलं नाही. शिकलेल्या माणसाला ही एक खोडच असते.

चैत्रात देवाची यात्रा भरली. मौलालीही नेहमीप्रमाणे गेले होते, म्हणून पुढचं सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. पालखी देवळात येऊन टेकली, मानकऱ्यांचे विडे चालले होते, आणि बाजी पुढे झाले. डोक्याला धुतलेलं पागोटं, हातात एक फांदी. ज्या माणसानं गावाच्या बैठकीत कधी तोंड उघडलं नव्हतं, त्यानं पाल्याचं नाव घेतलं. मोठ्यानं, पार बाहेरच्या पायरीपर्यंत ऐकू जाईल असं. कुठं उगवतो, कोवळा घ्यायचा की जून, वाटायचा कसा, बांधायचा कसा, सगळं सांगितलं आणि फांदी फिरवून फिरवून दाखवली. काही म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवले. आक्काबाई खांबाशी बसून तोंडात पदर कोंबून रडत होती. बाजींनी फांदी देवापुढे ठेवली.

"आता समद्यांस्नी ठावं झालं," ते म्हणाले. "आता आमच्या फरानला जिंकू दे."

वेल्ह्यात पोचून मोबाईलला रेंज मिळाली तसा मौलालींनी पोराला फोन लावला. आनंदानं त्यांना धड बोलता येत नव्हतं. बाजीनं पोटातलं काढून दिलं बघ तुझ्यासाठी, सख्ख्या भावानंही केलं नसतं, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. फरहाननं सगळं ऐकून घेतलं. मग त्यानं वडिलांना सांगितलं की हे कंपनीच्या अर्जाआधी व्हायला हवं होतं, आता गावाला काय नि जगाला काय, सांगून उपयोग नाही.

"मग हे त्याला आधी का नाही सांगितलंस?" मौलालींनी विचारलं.

याचं उत्तर फरहानला पुढं पुष्कळ वर्षं शोधूनही सापडलं नाही.

बरं, नुसतं फुकट गेलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण नशीब फिरलं की दाताखालची सुपारीसुद्धा दात पाडते. कुंडलिक म्हणून एक जण वेल्ह्यात झेरॉक्सचं दुकान चालवायचा आणि एका साप्ताहिकाला बातम्या पाठवायचा. तो यात्रेत होता. बाजींबद्दल त्याला मनापासून आदर, म्हणून त्यानं फोटोसकट बातमी दिली. पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं गुपित उघड! आजवर कुणालाही न सांगितलेला पाला धनगर बाजींनी यात्रेत प्रथमच जाहीर केला. लोकांनी कौतुकानं ती बातमी किराणाच्या दुकानात चिकटवली. कुंडलिकानं तिच्या दोन प्रती फरहानला मुद्दाम आणून दिल्या, तुमच्या कामाला येतील म्हणून.

कामाला आल्या, पण दुसऱ्याच्या. मुंबईला सुनावणी लागली तेव्हा कंपनीच्या वकिलानं, फार मऊ बोलणारा माणूस होता, फरहानच्या प्रतिज्ञापत्रांना हातही लावला नाही. त्यानं ती बातमी पुढे ठेवली आणि तिचं इंग्रजी भाषांतर वाचून दाखवलं. आमचा अर्ज आधीचा आहे. त्यानंतर एवढ्या काळानं त्यांचाच माणूस भर यात्रेत सांगतो की आजवर मी हे कुणालाही सांगितलेलं नाही. म्हणजे अर्जाच्या दिवशी ही माहिती तिथल्या लोकांमध्ये नव्हती, हे आम्ही सिद्ध करायला नको, त्यांनीच केलंय. तो आवाज न चढवता एवढं बोलला आणि खाली बसला.

अधिकारी भला माणूस होता. बातमी वाढवून-चढवून दिलेली असते, तुम्हाला यावर काही म्हणायचंय का, असं त्यानं फरहानला विचारलं. वाट काढून दिली होती त्यानं. कुंडलिकानं मीठमसाला लावला, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. फरहानच्या डोळ्यांसमोर फोटोतले बाजी होते, पागोटं बांधलेले, हात वर केलेले.

"बातमी खरी आहे," तो म्हणाला.

उघड वापराचा मुद्दा त्यानं नंतर मांडला, आणि उत्तम मांडला. निकालात तशी नोंदही आहे. पण जे मालकानं स्वतःच झाकून ठेवलं होतं ते लोकांमध्ये उपलब्ध होतं असं म्हणता येणार नाही, असं म्हणून अधिकाऱ्यानं हरकत फेटाळली. निकालात कायद्याचं काहीही चुकलेलं नव्हतं. फरहान तो पुन्हा पुन्हा वाचायचा आणि प्रत्येक वेळी त्याला ते पटायचं, हेच फार जिव्हारी लागायचं.

निकाल सांगायला तो वस्तीवर गेला. बाजींनी एकच विचारलं, मग आज्याचं नाव? नाही लागलं काका, फरहान म्हणाला. बाजी उठून शेळ्यांकडे गेले आणि तो निघेपर्यंत परत आले नाहीत. आक्काबाई मात्र त्याला वाटेला लावायला बांधापर्यंत आली. लहानपणी त्याच्या तोंडाला साय फासणारी ती बाई त्या दिवशी त्याच्याकडे परक्यासारखी पाहत होती.

"तू आमच्या म्हाताऱ्याला बोलतं केलंस," ती म्हणाली. "आता त्यो बोलंना झालाय."

बाजींनी औषध देणं थांबवलं. माणूस आला की ते हात जोडायचे, माझ्या हातात आता काही नाही, पाला तुमाला ठावं हाय, तुमीच बांधा म्हणायचे. लोक बांधायचेही. कुणी जून पाला घ्यायचं, कुणी मिक्सरमधून काढायचं, कुणी वर हळद चोपडायचं. उतार पडला तर कुणी काही बोलायचं नाही. नाही पडला की म्हणायचे, बाजीनं देवळात नाव घेतलं तिथंच गुण गेला. हे बोलणं फिरून बाजींच्या कानावर यायचं. त्यांना ते आधीपासून ठाऊकच होतं, त्यामुळे ते रागवायचेही नाहीत. मौलालींनी हळूहळू त्या वाटेला जाणं कमी केलं. गुडघे दुखतात म्हणायचे.

फरहानचं मात्र बरं चाललं, आणि ही गोष्ट त्याच्या मनाला सगळ्यात जास्त खायची. हरलेल्या त्या केसमुळेच त्याचं नाव झालं होतं. सुनावणीनंतर त्या मऊ बोलणाऱ्या वकिलानं जिन्यात गाठून त्याला आपलं कार्ड दिलं होतं. वर्षभरात तसल्याच कंपन्या त्याच्याकडे येऊ लागल्या. गावाकडचे लोक हरकत घेतील तर ती कशी मोडायची, याचा सल्ला त्यांना हवा होता, आणि ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरन्नुमच्या पगारावर किती दिवस बसायचं? त्यानं कामं घेतली. शास्त्र त्याला येत होतं, कायदा त्याला येत होता. दोन्ही कधी त्याच्या माणसांच्या कामाला आलं नाही.

मग एका दिवाळीच्या सुमाराला वस्तीवरच्या कुणाच्या तरी मोबाईलवरून बाजींचा फोन आला. म्हातारा इतक्या दिवसांनी आपण होऊन बोलतोय म्हणून फरहान ताडकन उभा राहिला. बाजींच्या दुभत्या म्हशीच्या खांद्याला जखम होऊन तिच्यात किडे पडले होते.

"भोरला येशीलच तू," बाजी म्हणाले. "येताना ती कंपनीची ट्यूब घिऊन ये."

पाला दाराशी आहे की काका, फरहान म्हणाला. मग बाजी म्हणाले, ट्यूबच आण.

भोरातल्या औषधाच्या दुकानात ती पुढेच लावलेली होती. हिरवं खोकं, त्यावर म्हशीचं चित्र, मागच्या बाजूला बारीक अक्षरांत पेटंटचा नंबर. तो नंबर फरहानला पाठ होता. खोकं खिशात घालून तो डोंगर चढला, आणि बाजींनी त्याच्यादेखत जखम धुतली, ट्यूब पिळली आणि बोटानं औषध आतपर्यंत भरलं. हात तोच होता, तितकाच हलका. फरहानला तिथं उभं राहवेना. काहीतरी कारण काढून तो लवकर निघाला.

पण चैन पडेना, म्हणून पुढच्या रविवारी तो पुन्हा गेला. बाजी गोठ्याशी बसले होते आणि त्याला बघून हसले. कितीतरी दिवसांनी हसले. हाताला धरून त्यांनी त्याला म्हशीपाशी नेलं. जखम सुकली होती, कडेनं नवी कातडी धरत होती.

"बघ, गुण आला," ते म्हणाले. "मला वाटायचं, माझ्या तोंडानं मारला म्या त्याला. न्हाई मेला, फरान. हितनं उठून तिकडं गेला."

फरहानला सांगता आलं असतं. औषध पाल्यात असतं, नाव घेतल्यानं त्यातला एक रेणूही हलत नाही, तुमच्या दारचा पाला कालही तेवढाच चालत होता आणि उद्याही चालेल. खरं तेच होतं. पण ते सांगायचं म्हणजे बाजींनी आणि त्यांच्या आज्यानं जन्मभर जे तोंड मिटून ठेवलं, ते उगाच मिटलं असं सांगायचं. आणि यात्रेत त्याच्यासाठी म्हाताऱ्यानं जे टाकून दिलं, तेही काहीच नव्हतं असं सांगायचं.

"तिकडं तोडाया कोण जातं?" बाजींनी विचारलं.

माणसं ठेवलीत, फरहान म्हणाला. कंपन्यांच्या कामानिमित्तानं ती माणसं त्यानं डोळ्यांनी पाहिली होती. टेम्पो भरून मजूर जायचे, कोयत्यानं सपासप छाटायचे, मोबाईलवर गाणी लावून पोती भरायचे.

"पाळत्यात का समदं?"

बाजी त्याच्या तोंडाकडे बघत होते. फरहाननं आजवर कुठल्याही कागदावर खोटं अक्षर जाऊ दिलं नव्हतं.

"पाळतात, काका," तो म्हणाला. "एक शब्द बोलत नाहीत."

"मग बरं हाय," बाजी म्हणाले, आणि म्हशीला पाण्यावर न्यायला उठले.